आधाराला ठेवलेली आग

जरा हळूच बोलेन. पोटात वाफ होती तेव्हा शिट्टी मारून बोलायचो, आता ती सोय राहिली नाही. मी या लाँड्रीच्या मागच्या खोलीतला कोळशाचा बॉयलर. पुढच्या खोलीत धुण्याची यंत्रं, मधल्या खोलीत वाफेच्या इस्त्र्या, आणि सगळ्यांच्या मागे मी. हॉस्पिटलच्या चादरी इथून पांढऱ्याशुभ्र होऊन जातात. त्या कुणामुळे पांढऱ्या होतात ते पाहुण्यांना दाखवत नाहीत. दाखवण्यासारखं तोंडही नाही माझं.

जाड पत्रा वाकवून, ठोकून, सांधून मला गोल केलं. पहिल्यांदा पाणी भरून दाब दिला तेव्हा मी कुठेच गळलो नाही. कारागिराने खूश होऊन माझ्या पाठीवर थाप मारली आणि चटका बसल्यासारखा हात झटकला. थट्टा करत होता, मी तर तेव्हा थंडगार होतो. माणसांच्या थट्टांपैकी तेवढी एकच मला आवडली.

आधी साबणाच्या कारखान्यात राबलो. तो बंद पडल्यावर लाँड्रीच्या मालकीणबाईंनी मला इथे आणलं. माझ्याबरोबर आला माझा आगवाला. मला कोळसा घालायचा, राख काढायची, पाण्याच्या काचेवर नजर ठेवायची, एवढंच त्याचं जग. त्याला सगळे ‘आगवाले’ म्हणूनच हाक मारतात. इस्त्रीवर काम करणारी त्याची मुलगीसुद्धा, रागात असली की.

संध्याकाळी काम संपलं तरी तो आग विझू देत नसे. निखारे मागे ओढायचा, त्यांच्यावर ओला चुरा पसरायचा, हवेची झडप फटीएवढी ठेवायचा. याला तो आग निजवणं म्हणायचा. सकाळी सळईने टोचून म्हणायचा, “उठा राजे, चादरी आल्या.” “माझ्या हातची आग कधी मेली नाही,” हे तो दाराशी पत्ता विचारायला आलेल्यालाही ऐकवायचा.

मला मात्र कुणी कधी विचारलं नाही, बाबा रे, तुला खरंच निजायचं आहे का. मला फार राग यायचा. अजूनही येतो. आवाज चढवून सांगायची सवय नाही, म्हणून राग नाही असं समजू नका.

मग आगवाल्याचा जावई आला. जावई वायरमन. त्याने मालकीणबाईंना पटवलं, छतावर सोलरच्या पाट्या बसवल्या, आणि माझ्या शेजारच्या भिंतीला विजेवर वाफ करणारं एक चौकोनी यंत्र उभं केलं. ना राख, ना धूर, ना आवाज. मला वाटलं, सुटलो.

बाई म्हणाल्या, “छान आहे हो. पण हा जुनाही पेटता असू दे. आधाराला.”

आधाराला! या शब्दाने मला जेवढा गंज चढला तेवढा पाण्याने चढला नाही. दिवसभर पोटात आग, आणि वाफ कुणालाच नको. ती उगाच झडपेतून फुसफुसत बाहेर. माणसाला काम न देता नुसतं उभं करून ठेवलं तर तो शिव्या तरी घालतो.

गल्लीतले सगळे येऊन बघून जायचे. समोरचा बेकरीवाला, कोपऱ्यावरचा कपडे रंगवणारा, टेम्पोवाला. बेकरीवाला दारातूनच विचारायचा, “आगवाले, जुना अजून पेटता आहे ना?”

“आहे की.”

“मग बरोबर. तुमचं सुरळीत झालं की आम्ही बघू.” आणि आपल्या भट्टीत लाकडं सारायला निघून जायचा. रंगवणारा बेकरीवाल्याकडे बघायचा, टेम्पोवाला रंगवणाऱ्याकडे. गल्लीभर असा एकमेकांच्या तोंडाकडे बघण्याचा कार्यक्रम चालला होता, आणि धूर सगळ्यांचा वर जात होता.

आता एक गोष्ट ऐका. माझं धुराडं छपरातून वर निघतं. ती माझी मान समजा. तिथून छत दिसतं. मला दिसत होतं की माझीच काजळी त्या पाट्यांवर बसते. पाट्या काळवंडल्या की वीज कमी, वीज कमी की नव्या यंत्राची वाफ मंद. इस्त्र्या अडखळायच्या. मग बाई म्हणायच्या, “बघा, बरं झालं जुना पेटता ठेवला!” आणि आगवाला माझ्या पोटात आणखी एक फावडं कोळसा घालायचा. आणखी काजळी.

जावयाने ते ओळखलं. रोज सकाळी शिडी लावून वर जायचा, पाट्या पुसायचा, दुपारपर्यंत त्या पुन्हा काळ्या. एकदा चहाच्या वेळी तो सासऱ्याला म्हणाला, “मामा, तुमचा धूर थांबवा. माझ्या पाट्या त्यानेच मरतात.”

“जावईबापू,” आगवाला बशीत फुंकर घालत म्हणाला, “यंत्र तुमचं लुळं, आणि खापर माझ्या धुरावर?”

“लुळं नाही. तुम्ही त्याच्या तोंडावर राख फेकता.”

“अहो, आमची आग होती म्हणून तुमची बायको वाढली. तेव्हा तुमच्या पाट्या कुठे होत्या?”

“मग आता तिला माझ्या विजेवर जगू द्या की!”

मुलगी इस्त्रीखालून चादर ओढत होती. म्हणाली, “दोघांनीही चहा प्या आणि गप्प बसा. सासऱ्या-जावयाचं भांडण ऐकायला चादरी आल्या नाहीत इथे.” सगळे हसले. ते दोघे हसले नाहीत. त्यानंतर त्यांचं बोलणंच तुटलं. एका खोलीत काम करायचे आणि निरोप मुलीकडून पाठवायचे. “तुझ्या बापाला सांग.” “तुझ्या नवऱ्याला सांग.” मध्ये ती बिचारी, घडी घातलेल्या चादरीसारखी.

शेवटी मालकीणबाई वैतागल्या. महिनाअखेर यंत्र परत पाठवायचं, त्यांनी सांगून टाकलं. जावई म्हणाला, “मग मीही जातो. दुसऱ्या शहरात काम आहे. आम्ही दोघंही जातो.”

“खुशाल जा,” आगवाला म्हणाला. “गाडीपर्यंत सोडायला येईन.”

त्या संध्याकाळी आग निजवताना त्याने ओला चुरा एकाच जागी दोनदा पसरला. त्याला ती एकच मुलगी. बायको कधीच गेलेली. हे मी पाहिलं, पण मला त्याची दया आली नाही. म्हटलं, जळ आता. मी जळतोच आहे.

दुसऱ्या दिवशी जावयाने पाट्या पुसल्या नाहीत. “परतच पाठवायच्यात, तर कशाला?” म्हणून हात बांधून बसला. तेव्हा मुलीने इस्त्री बंद केली, बादली उचलली आणि शिडीला लागली. त्या शिडीच्या मधल्या दोन पायऱ्या केव्हाच निखळल्या होत्या. तिथे ती लोंबकळली. पदर खोचलेला, एका हातात बादली. आगवाला दारात उभा होता. तो ओरडला नाही. फावड्याच्या दांड्यावरची त्याची बोटं मात्र मी बघत होतो.

ती वर गेली. माझ्या धुराड्याच्या तोंडाशीच बसून पुसायला लागली. एक पाटी पुसून होईतो आधीच्या पाटीवर माझी काजळी उतरायची. खोकायची, पुन्हा मागे जायची, पुन्हा पुसायची. माझ्या जन्मात मला धुराची एवढी किळस आली नव्हती.

खाली आली ती कोपरापर्यंत काळी. हातातलं फडकं तिने बापासमोर कोळशाच्या ढिगावर टाकलं.

“ओळखता का, आगवाले? तुमचंच आहे.”

टोमण्याला टोमणा द्यायची त्याची हौस, पण त्या दिवशी त्याने फडकं उचललं, दोन बोटांत चोळलं, आणि खिशात घातलं.

संध्याकाळी सगळे हात धूत होते. तो माझ्यासमोर बसला, ओला चुरा घेतलाच नाही. दार उघडलं आणि लांब सळईने निखारे बाहेर ओढायला लागला. एकेक करून, घाई न करता. पत्र्यावर पसरले, पाणी मारलं. ते चरचरले. मग दार लावून तो म्हणाला, “नीज बाबा आता. खरा नीज.”

सकाळी बाईंचा आवाज सगळ्या लाँड्रीत घुमला. “आगवाले! बॉयलर थंड कसा? आग मेली?”

“मीच मारली, बाई.”

“तुम्ही? डोकं फिरलं का तुमचं?”

“फिरलं. फार वर्षं एकाच बाजूला होतं.”

जावई वर गेला, पाट्या पुसून आला. दुपार झाली, पाट्या तशाच लखलखीत. इस्त्र्या एकदाही अडखळल्या नाहीत. महिनाअखेर आली तेव्हा यंत्र परत पाठवायचं कुणी नावही काढलं नाही. गोड काही झालं असं मात्र समजू नका. सासऱ्याने मुलीकडून निरोप पाठवला, “तुझ्या नवऱ्याला सांग, यंत्र मुकं आहे त्याचं.” उलट निरोप आला, “तुझ्या बापाला सांग, बोलायला ते आहेत की.”

मग एका दिवशी आभाळ भरून आलं. यंत्र मंदावलं, चादरी रेंगाळल्या. बाई मागे धावत आल्या. “पेटवा हो जुना, आजचा दिवस!”

“पेटवतो, पण कशावर?” आगवाल्याने माझं दार उघडून दाखवलं. आत जाळी नव्हती. निखारे जिच्यावर धरायचे ती माझी लोखंडी जाळी त्याने कधीच सुटी केली होती. तिच्या पट्ट्या मागच्या भिंतीत रोवून त्याने छतावर जायच्या पायऱ्या केल्या होत्या. बाईंनी मागच्या दारातून वर पाहिलं. पायऱ्यांवर त्याची मुलगी उभी होती, बादली घेऊन.

“काढू पट्ट्या? उतरवू का तिला?” त्याने विचारलं.

बाई पुढच्या खोलीत परतल्या. चादरी त्या दिवशी उशिरा गेल्या. हॉस्पिटलवाला कुरकुरला, आणि घेऊन गेला.

आता मी रिकामा उभा आहे. माझं ऐका, मला शोभेला ठेवू नका, आधाराला तर मुळीच नको. वितळवा, दुसरं काही करा. आणि लवकर करा. माझ्यासारखे किती जण अजून कुणाकुणाच्या मागच्या खोलीत नुसते पेटते ठेवलेत, त्यांनाही सोडा.

कारण पाट्या अजूनही थोड्याथोड्या काळ्या होतात. आता काजळी समोरच्या बेकरीची. आगवाला रोज त्या पायऱ्यांनी स्वतः वर जातो, पाट्या पुसतो, आणि ते फडकं घेऊन थेट बेकरीच्या दारात उभा राहतो.

“ओळखता का? तुमचंच आहे.”

बेकरीवाला चिडतो, शिव्या देतो, दार लोटून घेतो. आगवाला दुसऱ्या दिवशी पुन्हा जातो. बेकरीनंतर रंगवणाऱ्याकडे जाणार आहे, मग टेम्पोवाल्याकडे. पाय दुखतात त्याचे, पण चिकाटी तुम्ही पाहिलीच आहे. एखाद्या दिवशी तुमच्याही दाराशी येईल. तेव्हा फडकं नीट बघा.