साबणाने पुसलेला माग

मित्रांनो, वय विचाराल तर तेरा. तुमच्यातला तेरा वर्षांचा मुलगा अजून वर्गात बाकावर उभा राहतो. आमच्यात तेरा म्हणजे डोळ्यांत मोतीबिंदू आणि मागच्या पायांत कळा. मी शोधपथकातला एक निवृत्त कुत्रा आहे. मला सगळे नाकाड्या म्हणतात. स्वभावाने मी जात्याच काळजीखोर. हरवलेली माणसे शोधायचे काम ज्याच्या नशिबी आले, तो निर्धास्त कसा राहील? कुणी दार जोरात वाजवले, तरी मी अजून ताडकन उठून उभा राहतो.

माझा जन्म पथकाच्याच आवारात झाला. सहा भावंडांत मी शेंडेफळ. भावंडे दूध शोधत, तेव्हा मी बाईंचा मोजा शोधत असे. बाई म्हणजे माझ्या शिक्षिका. त्यांनी मला एकच विद्या शिकवली: कपडा हुंगायचा आणि त्याच वासाचे माणूस गाठायचे. बरोबर आले की बिस्कीट, चुकले की नुसता उसासा. तो उसासा मला फटक्यापेक्षा जास्त लागायचा.

दोन माणसांचा वास कधीच सारखा नसतो. असे का, ते पथकाच्या डॉक्टरांनी एकदा बाईंना समजावले आणि मी टेबलाखालून ऐकले. घामाला स्वतःचा फारसा वास नसतो. माणसाच्या कातडीवर डोळ्यांना न दिसणारे जीव बिऱ्हाड करून राहतात. ते घामावर जगतात आणि त्यातून वास तयार होतो. प्रत्येकाच्या अंगावरचे हे भाडेकरू वेगळे. शिवाय आईवडिलांकडून आलेला घामही वेगळा. काही प्रदेशांतल्या बहुतेक लोकांच्या काखेत त्या जिवांना खायलाच फारसे मिळत नाही, म्हणून त्यांच्या अंगाला वास जवळजवळ येत नाही. मग लसूण, मसाले, मासे, मांस असे ज्याचे त्याचे खाणे, आणि काम, आजार, वय, अंघोळीची सवय. यात कुणाचा काही गुन्हा नसतो. गंमत अशी की आपला वास आपल्याला येत नाही, कारण नाक रोजच्या वासाला सरावते. त्यामुळे जो तो समजतो, वास येतो तो फक्त दुसऱ्याच्या अंगाला!

काही वर्षे माझे फार कौतुक झाले. वर्तमानपत्रात फोटोसुद्धा आला. त्यात माझे अर्धे शेपूट कापले होते, पण असो. मला सांगायचे आहे ते त्या थंडीतल्या दिवसाचे.

एका इमारतीतले आजोबा सकाळी घराबाहेर पडले आणि परतलेच नाहीत. पूर्वी ते सुतारकाम करत. आता त्यांना विसरण्याचा आजार होता. त्यात मधुमेह, पोटात सकाळपासून काही नाही आणि बाहेर हाडे गोठवणारा वारा. आम्ही पोहोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. मुलगा जिन्यात येरझारा घालत होता. सून दाराशी उभी होती, हात साबणाने सोललेले. ते कुटुंब दूरच्या मुलखातून नुकतेच तिथे राहायला आले होते.

बाई म्हणाल्या, "आजोबांनी अंगात घातलेला, न धुतलेला कपडा द्या."

सून आत गेली. बऱ्याच वेळाने सदरा घेऊन आली. "कालच घातला होता."

"याला तर फुलांसारखा वास येतोय."

"अत्तर लावतात ते," ती मान खाली घालून म्हणाली.

मी हुंगले, पुन्हा हुंगले. सदऱ्यात माणूस नव्हताच. नुसता साबण होता. पण कामाला नाही कसे म्हणायचे, हे मला कुणी शिकवले नव्हते. म्हणून निघालो. जिना उतरलो, कोपरा ओलांडला आणि सगळ्यांना थेट वाण्याच्या दुकानातल्या साबणांच्या फळीसमोर नेऊन उभे केले.

"घ्या! म्हातारा राहिला बाजूला, याला अंघोळीची आठवण झाली," गर्दीतले कुणीतरी म्हणाले. लोक हसले. मी शेपूट पायांत घातले. बाईंनी उसासा टाकला. अर्धा तास वाया गेला होता आणि तो माझ्यामुळे गेला, असे मला वाटत होते.

बाई मात्र सुनेकडे वळल्या. "खरं सांगा. सदरा धुतलेला होता ना?"

सुनेला रडू फुटले. "हो. खोटं बोलले मी. इथे आल्यापासून आम्ही लिफ्टमध्ये शिरलो की लोक नाकाला रुमाल लावतात. वरच्या काकू म्हणाल्या, राग मानू नका, पण तुमच्या घराला वास येतो हो. तेव्हापासून मी दिवसभर धूतच असते. बाबांचा वासाचा कपडा चार लोकांसमोर कसा काढून देऊ?"

काकू तिथेच उभ्या होत्या. त्यांनी पदराशी चाळा सुरू केला. त्यांच्याही अंगाला चांगला सणसणीत वास होता. तो त्यांच्या ओळखीचा होता, एवढेच.

"रडू नका आता," बाई म्हणाल्या. "घरात न धुतलेलं काय उरलंय?"

"काहीच नाही. उशी, टोपी, काठीची मूठसुद्धा मी घासली..." ती मध्येच थांबली. "घड्याळ! बंद पडलेलं घड्याळ कपाटात आहे. पट्टा चामड्याचा आहे, म्हणून भिजवला नाही."

तो काळवंडलेला पट्टा नाकाशी आला आणि आजोबा मला पहिल्यांदा भेटले. किती वर्षांचा घाम, त्यात मुरलेला लाकडाचा भुसा, आणि म्हातारपणाचा थकलेला वास. मी सुसाट निघालो. पुलावर वाऱ्याने माग विस्कटला. तीनदा मागे फिरलो. ऊन उतरत चालले होते. इतके माणूस नाकात भरले असताना ते हातचे जाईल, ही भीती मला सोसवत नव्हती.

माग लाकडाच्या वखारीपाशी गेला. सुट्टी असल्याने वखार बंद होती. कुंपणाला फट होती. आत घसरलेल्या फळ्यांखाली पाय अडकून आजोबा पडले होते, ओठ निळे, पण श्वास चालू. मी भुंकलो. आयुष्यात इतका कधी भुंकलो नसेन.

फळ्या काढल्या. डॉक्टरांना बोलावणे गेले. सून धावत येऊन त्यांच्याजवळ बसली, तर आजोबांनी तिचा हात झटकला. "तू कोण गं?"

"बाबा, मी... तुमची सून."

"तिला घरचा वास येतो. तुला येत नाही."

मुलाने विचारले, "बाबा, इथे कशाला आलात?"

"घरी निघालो होतो. त्या तिथल्या खोल्यांना वासच नाही, ते आपलं घर कसं असेल? इथे भुसा हुंगला. म्हटलं, आलंच आता."

सुनेने त्यांना थंडी वाजू नये म्हणून कवटाळले. पूल ओलांडून धावत आल्याने ती घामाने निथळत होती. साबण केव्हाच हरला होता. आजोबांचे डोके तिच्या खांद्यावर जरा वेळ तसेच राहिले. मग ते म्हणाले, "आलीस होय सूनबाई? किती उशीर केलास."

मित्रांनो, अंघोळ रोज करा, कपडे धुवा, त्याला माझी ना नाही. पण दुसऱ्याच्या वासाला नाक मुरडण्याआधी थोडे थांबा. कुणाला इतके लाजवू नका, की ते माणूस स्वतःला घासून घासून पुसून टाकेल. माझे नाक आता मंदावले आहे. माझ्या जागी नवे कुत्रे आले आहेत, हुशार आहेत, तरी मला काळजी वाटते. कारण पुसून टाकलेले माणूस हरवले, तर त्यांनी तरी काय हुंगायचे?