विस्तवाविना उकळलेलं तेल

भाताच्या पातेल्यावरचं झाकण थडथडलं. दुपारच्या सामसुमीत तेवढाच एक आवाज. मांडीवरचं बाळ दचकलं, तशी त्याला थोपटत मी झाकण सरकवलं. तांदूळ मूठभर, बाकी सगळं पाणी. पाणी जास्त असलं की झाकण फार नाचतं.

बिंग, माझी लेक, चुलीशी उकिडवी बसून बघत होती. "आई, झाकणाला कोण ढकलतं?"

"वाफ."

"आणि वाफेला?"

"खालचा विस्तव. विस्तव नसला की काहीच उकळत नाही, कळलं?"

तिनं चुलीखाली वाकून खात्री करून घेतली. एवढ्यात बाहेरून किंकाळी आली, आणि पाठोपाठ पुरुषांचा ओरडा: "सापडली! आस्वांग सापडली!"

मी बाळ कडेवर घेतलं, बिंगनं माझा घागरा धरला आणि आम्ही धावलो. सगळी वस्तीच धावत होती, जळक्या हवेलीकडं. त्या वर्षी साखरेचा भाव कोसळला होता. आमच्या नेग्रोस बेटावर ऊस सोडून दुसरं पिकतंय काय? ऊस उभाच्या उभा वाळत होता. तोडणी बंद, म्हणून काम बंद. काम बंद, म्हणून मुकादमानं तांदूळही बंद केलेला. गोवर आला आणि पोटं खपाटीला गेलेली लेकरं एकामागून एक गेली. शवपेट्या करायला फळ्या उरल्या नाहीत, तेव्हा लोकांनी केळीच्या पानात गुंडाळून पुरली.

आणि मग एके दिवशी मुकादम नोंग पोन्सोनं, लेकरांचं रक्त पिणारी आस्वांग, म्हणजे चेटकीण, शोधायला कुठूनसा तातय सिमो नावाचा मांत्रिक आणला.

लारागा घराण्याची ही हवेली लढाईच्या वर्षी जळली. छप्पर गेलं, मजले गेले. उरल्या त्या कमानी आणि पुढचा दगडी जिना. वर चढावं तर थेट आभाळात पाऊल पडेल असा. त्या जिन्याच्या पायथ्याशी माणसांचं कडं झालं होतं. मी खांद्यांमधून घुसून पुढं गेले.

मधोमध लोला कोन्सिंग गुडघ्यांवर पडली होती. वस्तीतली सगळ्यांत म्हातारी सुईण. हवेलीच्या पडक्या धुणीघरात एकटी राहायची. माझी दोन्ही बाळंतपणं तिच्याच हातची. तिचा एक हात नुकतंच बाळ गेलेल्या लुदिंगच्या दिरानं मुरगाळून धरला होता. दुसरा धरला होता माझ्या नवऱ्यानं. त्याच्या कमरेला ऊसतोडणीचा कोयता लटकत होता.

"तोन्यो!" मी ओरडले.

"तू घरी जा," तो माझ्याकडं न बघता म्हणाला. "लेकरांना घेऊन आलीस कशाला इथं?"

समोर तातय सिमो. लाल मुंडासं, गळ्यात पितळी पदकांची माळ, हातात पाकट माशाची वाळवलेली शेपटी. आमच्याकडं आस्वांग येऊ नये म्हणून घरोघरी दारावर ती टांगतात. वर करवतीसारखे काटे असतात तिला. लोलाचं झंपर पाठीवर फाटलं होतं आणि पाठही फाटली होती.

"बोल!" सिमोनं शेपटी हवेत फिरवली. "दिवसा सुईण, रात्री जिभेनं छप्पर भोसकून लेकरं पिणारी! लुदिंगचं बाळ कुणी प्यायलं?"

"गोवरनं गेलं ते," लोला धापा टाकत म्हणाली. "आईच्या अंगात दूधच नव्हतं रे..."

शेपटी सपकन खाली आली. मांस फाटल्याचा तो आवाज मला अजून आठवतो. ओलं फडकं दगडावर आपटावं तसा. गर्दीतून कुणीतरी "अजून!" म्हणालं. आणि ती लुदिंग होती. परवा-परवापर्यंत लोलाच्या कुशीत शिरून रडलेली लुदिंग. आता तिनं खाली वाकून दगड उचलला आणि फेकला. तो लोलाच्या कानाला लागला. कान लोंबला.

बिंगनं माझ्या घागऱ्यात तोंड खुपसलं.

"थांबा, थांबा मंडळी!" सिमोनं दोन्ही हात वर केले. "सिमो कुणावर अन्याय करत नाही. निवाडा माझा नाही, तेलाचा!" त्यानं झोळीतून बाटली काढली. खालच्या निम्म्या भागाला लाल फडकं बांधलेलं, वर पिवळं धमक तेल. "गुड फ्रायडेच्या मध्यान्ही, उगवतीकडं तोंड करून लागलेल्या एकाच नारळाचं हे तेल! खोबरं खवताना मी बोललो नाही. ढवळताना शिंकलो नाही. माझ्या आज्याला तर ढेकर आला म्हणून त्यानं अख्खी कढई फेकून दिली होती! या तेलाला झोप नाही. आस्वांग जवळ आली की तेल खवळतं. विस्तव लागत नाही, काडी लागत नाही!"

"खरंय," मागून एक म्हातारा कुजबुजला. "माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, पोर होतो तेव्हा."

"प्रत्येकाचं मीठ टाकू," सिमो म्हणाला. "ज्याचं मीठ तेल खपवून घेईल तो माणूस."

आधी त्यानं लुदिंगच्या दिराच्या कपाळाला मिठाची चिमूट लावली आणि बाटलीत सोडली. काही नाही. मग तोन्योच्या. काही नाही. मग मुकादमाच्या. तो गंभीर चेहऱ्यानं पुढं वाकला होता. काही नाही. सिमोनं घाम पुसायचं फडकं शोधत हात झोळीत घातला, बाहेर काढला, लोलाच्या रक्ताळलेल्या कपाळाला अंगठा टेकवला आणि चिमूट बाटलीत टाकली.

तेल उसळलं. फसफसून बुडबुडे वर आले, फेस बाटलीच्या तोंडातून उतू गेला, त्याच्या मनगटावरून ओघळला. बायांनी किंकाळ्या फोडल्या. पुरुषांनी कोयते उपसले. माझ्या नवऱ्यानंही.

"जिन्यावर चढवा तिला!" मुकादम ओरडला. "तिच्या आईसारखीच पायरीवर..."

लोलानं फक्त जिन्याकडं पाहिलं, जसं कुणी ओळखीच्या माणसाकडं पाहावं.

आणि तेवढ्यात बिंग बोलली. फेसाचा एक शिंतोडा तिच्या हातावर उडाला होता. तिची सवय वाईट, जे सापडेल ते चाटून बघायचं. उपाशी पोराची सवय. ती तोंड वाकडं करून म्हणाली, "आई, आंबट आहे. किनिलावसारखं!"

किनिलाव म्हणजे माडी आंबवून केलेल्या शिरक्यात मुरवलेली कच्ची मासळी. बरे दिवस होते तेव्हा दर रविवारी आमच्या घरी व्हायची.

"तेल कुठं आंबट असतं का गं?" मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले, की आपोआप मोठा आवाज निघाला, ठाऊक नाही. जवळच्या दोघीतिघी वळल्या. मी बिंगचा हात उचलून हुंगला. शिरकाच. आणि डोक्यात कुठंतरी एक झाकण थडथडलं.

बाळाला मी शेजारणीकडं दिलं आणि सरळ कड्याच्या मध्ये गेले. सिमो फेस दाखवत फिरत होता. मी त्याच्या हातातून बाटली हिसकावली.

"ए बये, हात झडेल!"

"झडू दे," म्हणत मी लाल फडकं दातांनी सोडलं.

बाटलीत दोन रंग होते. वर बोटभर पिवळं तेल. खाली सगळा धुरकट शिरका. त्यातून अजून बुडबुडे निघत होते आणि तेलातून वाट काढत वर येत होते.

"तोन्यो," मी बाटली नवऱ्याच्या नाकाखाली धरली. "वास घे. हे काय आहे?"

त्यानं घेतला. त्याच्या हातातला कोयता खाली आला. "शिरका," तो पुटपुटला.

"आता याचा अंगठा धर."

सिमो मागं सरकला, पण लुदिंगच्या दिरानं त्याला धरलं. नखाखाली पांढरी पूड. झोळी उपडी केली तर दोन पुड्या पडल्या, एकीत मीठ, दुसरीत पावात घालतात तो खायचा सोडा. मी मिठाची चिमूट बाटलीत टाकली. शांत. सोड्याची टाकली. फस्स!

"बघा," मी म्हणाले, "आता मी मुकादमाचं नाव घेते." पुन्हा चिमूट. फस्स! "नोंग पोन्सो आस्वांग! आता बाटलीचं नाव घेते. बाटली आस्वांग! आता माझ्या सासूबाईंचं..."

"माझं कशाला?" मागून सासूबाई कडाडल्या आणि गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं.

हसू पसरलं आणि पसरता पसरता सडलं. कोयते उपसलेलेच होते. एका क्षणात ते सिमोकडं वळले. पहिला फटका कोयत्याच्या पाठीनं त्याच्या जबड्यावर बसला आणि दात उडाले. दुसऱ्यानं तीच पाकटाची शेपटी उचलली. लुदिंगनं पुन्हा दगड घेतला. तीच बाई, तोच हात. मी "थांबा" ओरडत होते आणि कुणाला ऐकू येत नव्हतं. काही क्षणांपूर्वी तोन्योला हाक मारली तेव्हाही कुणी थांबलं नव्हतं.

ऐकू आलं ते लोलाचं. ती उठून उभी राहिली होती, एका हातानं कान धरून. "मेला तर सांगणार कोण?" ती म्हणाली. "विचारा त्याला, कुणी बोलावलं."

हात थबकले. सिमोनं रक्त थुंकलं आणि मुकादमाकडं बोट केलं. "यानंच! म्हणाला, लोक तांदळाच्या कोठारापाशी जमायला लागलेत. त्यांना दुसरीकडं बघायला काहीतरी दे."

मुकादम तोवर मागच्या मागं उसात पळाला होता. माणसं धावली, पण त्याच्यामागं नाही, आधी कोठाराकडं. कुलूप तोडलं. आत तांदळाची पोती छतापर्यंत होती. लुदिंग एका पोत्याशी बसली आणि त्यावर डोकं आपटत राहिली. तिचं बाळ केळीच्या पानात होतं आणि तांदूळ पोत्यात.

बिंगला बरोबर घेऊन मी लोलाला धुणीघरात नेलं. तोन्योनं पाणी आणून दिलं आणि तो दारातच उभा राहिला, आत यायला धजला नाही. मी पाठ पुसत होते. प्रत्येक काट्याची खूण वेगळी दिसत होती.

"लोला," मी विचारलं, "मुकादम तुझ्या आईचं काय म्हणत होता?"

"चल, दाखवते," ती म्हणाली. मी नको म्हणत होते तरी उठली. तिनं आम्हाला हवेली दाखवली, जशी कुणी स्वतःचं घर दाखवावं. इथं जेवणघर. इथं सेन्योराचा, म्हणजे मालकिणीचा पियानो, जळला तेव्हा तारा तुटल्याचा आवाज वस्तीपर्यंत आला होता. इथं खांब, त्याला माणसं बांधायचे. थोरला मालक, डॉन एवारिस्तो, पाकटाच्या शेपटीनंच मारायचा. मूठ चांदीची होती. आणि ही दगडी टाकी, हिच्यात तिची आई सगळ्या घराण्याचं धुणं धुवायची.

"गाळपाचा हंगाम होता. पोटुशा बायांनाही मोळ्या डोक्यावर दिल्या होत्या. पोरं पोटातच मरायची. आईनं एकदा सेन्योराला तोंडावर सांगितलं: या बायांना बसू द्या, नाहीतर सगळी पोरं जातील. त्याच आठवड्यात हवेलीनं एक माणूस आणला. बाटली होती त्याच्याकडं." लोलानं टाकीच्या काठावर हात ठेवला. "मी हिच्यात बुडी मारून बसले होते. नाक तेवढं वर. आईला जिन्यावर चढवली. मोळ्या वाहणाऱ्याच होत्या मारणाऱ्या. जिच्यासाठी ती बोलली होती, तीही होती त्यांत. आणि पोरं मरतच राहिली. पण मग कुणी मोळ्यांचं नाव काढलं नाही. आस्वांग म्हणून मोकळे झाले."

"आणि तू इथंच राहिलीस?"

"आईला इथंच पुरलीय. जाऊ कुठं?"

एवढंच सांगायचं होतं. कुणी म्हणेल, शिक्षण नाही म्हणून लोक फसतात. माझा नवरा सहा यत्ता शिकला आहे, वर्तमानपत्र वाचतो, आणि त्यानं तो हात धरला होता. माणूस घाबरला, उपाशी झाला आणि मेलेलं लेकरू हातात असलं, की त्याला कारण हवं असतं. खरं कारण कोठाराला कुलूप लावून बसलेलं असतं, म्हणून तो जवळ सापडेल तिचा हात धरतो. तेव्हा कुणी तुमच्यापुढं विस्तवाविना काही उकळून दाखवलं तर टाळ्या वाजवू नका आणि कोयताही उपसू नका. फडकं सोडा. वास घ्या. चाटून बघा. आणि ज्यानं बाटलीवाला आणला, त्याच्या घरात काय झाकलेलं आहे ते आधी विचारा.

तोन्यो आता लोलाच्या धुणीघराचं छप्पर शाकारतो आहे. ती त्याला पाणी देते. तो घेतो. अजून दोघं बोलत नाहीत.

त्या दिवशी परतताना बिंग जिन्याच्या पायरीवर थांबली. दगडावर फेस वाळून पांढरा डाग पडला होता. तिनं वाकून तो हुंगला, मग वरच्या पायऱ्यांकडं पाहिलं.

"आई," ती म्हणाली, "लोलाच्या आईच्या वेळी पण इथं एवढी माणसं होती ना?"

"हो."

"मग तेव्हा कुणालाच आंबट वास आला नाही?"