चार पेट्या मागे

माझा सख्खा धाकटा भाऊ टेकडीपलीकडे असतो आणि वर्षातून दोनदा आम्ही एकमेकांना हात करतो. बस, एवढंच.

दोघंही मधमाश्या पाळतो. आधी पेट्या एकाच माळावर होत्या. पण फुलं कमी पडली की माश्या लुटारू होतात बरं का, शेजारच्या पेटीत घुसून मध पळवतात. सख्खं-चुलत त्यांना थोडंच कळतंय! एका साली धाकट्याच्या माश्यांनी माझ्या पेट्या धुऊन नेल्या. पेट्यांच्या दारात मेलेल्या माश्यांचा खच. धाकट्यानं आपल्या पेट्या टेम्पोत चढवल्या नि टेकडीपलीकडे गेला.

पलीकडे फुलं अगदीच बेताची. मग बहर वाटून घेतला आम्ही. पहिल्या अर्ध्या बहरात माळ माझा, मग मी तिकडे जायचं नि त्यानं इकडे यायचं. बहर सरला की परत उलटं. टेकडीच्या माथ्यावर टेम्पो समोरासमोर येतात. थांबता येत नाही, बंद पेटीत माश्या उकडून मरतात. तो ओरडतो, "दादा, बारीक झालास!" मी ओरडतो, "तू जाड!" झालं.

माळावर एक खोली आहे. तिथे तो असतो तेव्हा मी नसतो. आलो की त्याचा कप पालथा घातलेला, खाटेला त्याच्या अंगाचा खड्डा. मी त्याच खड्ड्यात झोपतो. बायको म्हणते, गादी झाडा की! नाही झाडत.

यंदा निघताना चार पेट्या माळावरच मागे ठेवल्या. एका वेळी एकच माशी शिरेल एवढी दारं बारीक केली. तरी लुटल्या जातील ही धाकधूक होतीच. माथ्यावर नेहमीसारखा हात केला, पेट्यांचं सांगितलं नाही.

संध्याकाळी त्याचा फोन.

"दादा, चार पेट्या विसरलास. म्हातारा झालास!"

"विसरलो नाही."

 मग म्हणाला, "माझ्या माश्या सोडतील होय त्यांना?"

"तू बघ ना जरा."

"मी कशाला बघू? तुझ्या पेट्या, तू येऊन बघ. रविवारी ये. आणि जेवायला थांब, पाहुण्यासारखा पळू नकोस."

रविवारला अजून वेळ आहे. दाढी मात्र आजच करून ठेवली.