लवकीले करणी कोनं केली?

आसेगावच्या रिकाम्या धान्य गोदामासमोर सकाळी आठलाच चपलांचा ढीग पडला होता. आत दीडशे माणसं दाटीवाटीनं बसलेली आणि सगळ्यांच्या नजरा एका पांढऱ्या टबावर. टबात सुंदरबाईचे पाय होते. टाचांना अशा भेगा, की त्यात नाणं उभं राहावं. पाणी मात्र नितळ होतं. उदयसिंग महाराजांनी भगव्या फडक्यात बांधलेली पोटली पाण्यात सोडली, वरून मूठभर भस्म टाकलं आणि डोळे मिटले.

"निंघ! सात पिढ्यांचं जे बसलं हाये, ते निंघ!"

थोड्या वेळानं बुडबुडे आले. मग हिरवट फेस. मग सगळं पाणी गढूळ, तांबडं.

"बाप्पा! केवढं निंगून राह्यलं व सुंदरबाई!" गर्दीतली एक बाई ओरडली.

"लाल आलं तर पितृदोष," महाराजांनी समजावलं. "काळं आलं तर करणी. अन् हा हिरवा फेस? ही शेजाऱ्याची जळण हाये माय! जळनाऱ्याची नजर डोक्यातून शिरते अन् टाचेत येऊन थिजते. डॉक्टर काय करते? मलम लावते. म्हंजे चोर घरात अन् दरवाजाले बाहेरून कुलूप!"

गोदाम हसलं. मागच्या भिंतीला टेकून उभी असलेली धम्मदीपा तेवढी हसली नाही.

धम्मदीपा गावच्या उपकेंद्रातली नर्स. वर्षभर दर मंगळवारी ती पायांची तपासणी ठेवत आली होती. तुरीच्या धसकटांतून अनवाणी फिरणाऱ्या बायांनी यावं म्हणून तिनं भोंगा फिरवला, चित्रं चिकटवली, व्हॅसलीनच्या डब्या आणून ठेवल्या. यायच्या तिघी, त्यातली एक तिची सासू भागिरथा, तीही ओढून आणलेली. आणि इथं चार दिवसांत दीडशे!

तिला सगळ्यात जास्त झोंबली ती पुढचीच गोष्ट. टबातून पाय काढले, की महाराज ते मांडीवर घेत, वजरीनं हलक्या हातानं घासत, कोमट तूप चोळत आणि म्हणत, "रोज असंच करा." अरे, हेच तर ती वर्षभर सांगत होती! टाचा मऊ होत होत्या त्या भिजवून, घासून, चोपडून. नाव मात्र पोटलीचं होत होतं.

निघताना तिला दोन गोष्टी दिसल्या. पोटलीतून एक बारीक वायर सतरंजीखाली गेली होती. आणि टबाच्या काठावर सांडलेलं भस्म तिनं बोटानं टिपून जिभेला लावलं, तर ते खारट होतं. ती जागच्या जागी बोलू शकली असती. पण बोलली असती तर लोक म्हणाले असते, सिस्टर जळते. आणि ते खरंच होतं, म्हणून ती गप्प राहिली.

घरी भागिरथाबाई ओसरीवर पाय पसरून बसल्या होत्या.

"पाह्य दीपा, तुह्या व्हॅसलीननं जे झालं नाही ते एका बैठकीत झालं. मी बी काल जाऊन आली."

धम्मदीपाच्या तोंडून निघून गेलं, "मंग तिकडंच जा. माह्याकडं येऊच नका."

सासूला दहा वर्षांपासूनची साखर आहे, तळपायाची जाणीव गेली आहे, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? महाराज दुपारच्या बैठकीत पायाची कुरूपं पात्यानं काढतात, हेही तिच्या कानावर आलं होतं. तरी त्या क्षणी तिला फक्त एकच दिसलं, की घरचं माणूसही तिकडे गेलं.

तिसऱ्या दिवशी फरशीवर लाल ठसे उमटलेले दिसले. मोरीपासून चुलीपर्यंत, एकाच पायाचे.

"आई, पाय दाखवा!"

अंगठ्याखालचं कुरूप खोलवर कापलं होतं. कडा पांढऱ्या पडलेल्या, आतून रक्त झिरपत होतं.

"दुखत नाही का?"

"नाई त. म्हनून त म्हनलं, महाराजाचा हात लय हलका हाये."

धम्मदीपानं जखम धुऊन पट्टी बांधली आणि ऑटो करून सासूला वाशीमला नेलं. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस उशीर झाला असता तर अंगठा काढावा लागला असता.

परतीच्या वाटेवर तिनं विचारलं, "मले न सांगता काहून गेल्या परत?"

"तूच त म्हनली व, तिकडंच जा." म्हातारी म्हणाली, "अन् खरं सांगू? तू पाय लांबून पाह्यतं, कागदावर लिहतं. त्यानं मांडीवर घेतला. एवढ्या उमरीत माहा पाय कोनं मांडीवर घेतला?"

गावात शिरताच धम्मदीपानं ऑटो बाजारात थांबवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गोदामात गेली ती मोटारसायकल दुरुस्त करणाऱ्या जगदेवला घेऊन. त्याच्या हातात बॅटरी होती, तिच्या हातात प्लास्टिकचा टब, मिठाची पुडी, दोन जाड खिळे आणि बाजारातून आणलेल्या दोन लांबट लवक्या, म्हणजे दुधी भोपळे. तिनं महाराजांच्या टबाशेजारी आपला टब ठेवला, पाणी ओतलं, मीठ टाकलं आणि दोन्ही लवक्या पायांसारख्या आत उभ्या केल्या.

"सिस्टर, हे काय करून राह्यल्या?" सुंदरबाईनं विचारलं.

"या लवकीची टाच फाटली हाये. दोष काढतो."

लोक खो खो हसले. जगदेवनं खिळ्यांना वायरी बांधल्या, खिळे पाण्यात सोडले, बॅटरी जोडली. हळूहळू हसणं थांबलं. बुडबुडे आले. हिरवट फेस आला. बघता बघता पाणी तांबडंलाल झालं.

"सांगा आता," धम्मदीपा म्हणाली, "लवकीले करणी कोनं केली? हिच्या सात पिढ्या कोनत्या?"

महाराजांचा चेहरा ताठरला. "सिद्धीची परीक्षा घेऊ नये! जो विचारते, त्याचे डोळे जाते! अन् पाह्यलं का लोकहो? बाई जळून राह्यली!"



"हो महाराज, जळते," धम्मदीपा म्हणाली. "चार दिवसांपासून जळून राह्यली मी. जळण्यापायी तोंड बंद ठेवलं, अन् माह्या सासूचा अंगठा जाता जाता राह्यला. तो गुन्हा माहा. पन माह्या जळण्यानं पानी लाल होत नाही. खारं पानी अन् वीज, त्यानं लोखंडाचा गंज सुटते. पोटलीची गाठ सोडा."

महाराजांचा हात पोटलीकडे गेला, पण सुंदरबाईचा आधी पोचला. फडक्यातून दोन लोखंडी पट्ट्या निघाल्या, गंजून अर्ध्या झालेल्या. जगदेवनं वायर ओढली तशी सतरंजीखालून आसनामागची बॅटरी बाहेर आली.

महाराज पाणी प्यायला म्हणून उठले आणि बाहेर उभ्या असलेल्या आपल्या जीपकडे चालते झाले. पण जगदेव त्यांच्या आधी धावत जाऊन जीपला आडवा उभा राहिला होता. पात्यानं कापलेल्या पायाची तक्रार धम्मदीपानं सकाळीच पोलिसांत दिली होती.

माणसं उठायला लागली. धम्मदीपा सुंदरबाईसमोर खाली बसली आणि तिची टाच तिनं मांडीवर घेतली.

"पन मले फरक त पडला होता, सिस्टर," सुंदरबाई हळूच म्हणाली.

"पडनारच. ओझं वाहून, अनवाणी चालून, कोरडी पडून कातडी जाड होते. तिले पंधरा मिनिटं कोमट पान्यात ठेवा, हळूच घासा, पुसून ओलसर असतानाच तेल नाही त व्हॅसलीन लावा. पायाले बसणारी चप्पल घाला. कुरूप ब्लेडनं कापू नका. अन् साखर असंल त हे भिजवनं-घासनं घरी करू नका. तळवा रोज पाहा, आरशात पाहा, दुखो न दुखो. जखम दिसली का त्याच दिवशी दवाखान्यात या."

"अन् पुन्हा असा कोनी आला त?"

"त त्याले विचारा. पाय न घालता पानी लाल करून दाखव म्हना, पोटली उघड म्हना. मले बी विचारा, हे मलम कायले, ही गोळी कायले. मी सांगीन, नाही आलं त डॉक्टरले विचारून सांगीन. पन जो मानूस म्हनते का विचारू नका, त्याच्या हातात आपला पाय देऊ नका."