रोरीच्या लग्नातले मोजे

स्कॉटलंडमधल्या स्टॉर्नोवेत किल्ट, म्हणजे आमच्याकडचे पुरुषांचे गुडघ्यापर्यंतचे चौकडीचे घागरे, भाड्याने देण्याचं दुकान मी तीस वर्षं चालवलं. त्यामुळे कुणाचा पेहराव चुकला की मला राहवायचंच नाही. वेस्टकोट असेल तर कमरेला पट्टा नको. पुढची चामडी थैली बकलाखाली तीनच बोटं हवी. पिन लावायची ती फक्त किल्टच्या वरच्या पदराला. चर्चमध्येसुद्धा मी लोकांच्या पायांकडे बघत बसायचो. एवढा शहाणा होतो मी!

धाकटा भाऊ रोरी लग्नाच्या सकाळी जिना उतरून आला आणि माझं डोकंच फिरलं.

"हे काय घातलंयस पायात?"

"आईनं विणलेत. चार महिने लागले तिला."

आईची नजर तेव्हा जवळजवळ गेलीच होती. चाचपडत विणलेले मोजे ते. एकाची वीण तिरकी, दुसऱ्याचा काठ बोटभर खाली.

"अरे, फोटो आयुष्यभर राहतात. लोक म्हणतील, टॉर्मोडच्या भावाला धड मोजे मिळाले नाहीत."

"म्हणू देत की! लग्न माझं आहे, तुझ्या दुकानाचं नाही."

"तिला दिसतंय कुठे? कळणारसुद्धा नाही. घाल हे."

मी नवेकोरे पांढरे मोजे त्याच्या हातात कोंबले. लग्नाच्या दिवशी भांडण नको म्हणून त्यानं मुकाट्याने बदलले.

आमच्या घरची एक रीत आहे. नवरा मुलगा निघताना त्याच्या उजव्या मोज्यात छोटी सुरी आईनं खोचायची. माझ्या लग्नात मलाही तिनंच खोचली होती. पण त्या सकाळी मी ते साफ विसरलो.

दारात आई खाली वाकली. "ये रे बाळा, नीट उभा राहा." तिचा हात रोरीच्या पोटरीवर टेकला आणि तिथंच थांबला. बोटं काठावरून फिरली, खाली गेली, परत वर आली. मग दुसऱ्या पायावर. रोरीनं माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

"मऊ आहेत हो," आई म्हणाली. "छान आहेत." तिनं सुरी खोचली, मोज्यांवरच्या लाल फिती सारख्या केल्या, आणि उठताना आधाराला माझाच हात धरला.

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. आई, हे माझं काम, रोरीचं नाही. तोंड उघडलं नाही माझं मेल्याचं. नंतर सांगू म्हणता म्हणता अकरा वर्षं सरली.

आई गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी, तिला दफनाला न्यायच्या आधी, मी तिच्या कपाटाचा खण उघडला. तिनं विणलेले ते मोजे घालूनच तिच्या अंत्ययात्रेत चालायचं ठरवलं होतं. खणात लोकरीचे दोन गुंडे होते.

"लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी उसवले तिनं," मागून रोरी म्हणाला. "मला म्हणाली, 'रोरी, तुला आवडले नाहीत, मग लोकर कशाला वाया घालवायची?'"

"आणि तू सांगितलं नाहीस? माझं नाव?"

"एका मुलाचं वाईट वाटलं होतं तिला. दोघांचं कशाला?"

मी दोन्ही गुंडे किल्टवरच्या चामडी थैलीत कोंबले. थैली फुगली, झाकण लागेना. तसाच शवपेटीमागून चाललो. कुणी काही बोललं नाही. कुणाच्या पेहरावावर बोलणारा गावात मी एकटाच होतो.