खजुराचा पाक आणि प्रेमलाचं वर्ष

माझी बायको प्रेमला गेली आणि काही महिन्यांनी आमची उज्वला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. माहेर म्हणजे कोपरखैरण्यातली आमची खोली आणि मी एकटा. उज्वलाच्या अंगात रक्त कमी होतं. डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या, पण काही खाल्लं की ती ओकायची. रिकाम्या पोटी गोळी टिकायची नाही.

मी मार्केटात पोती उचलतो. तिथल्या गाळ्यावरून काळा, मऊ खजूर आणला. बिया काढून भिजवला, शिजवला, फडक्यातून पिळला आणि रस मधासारखा दाट होईपर्यंत आटवला. साखर लागत नाही. नाचणीच्या पेजेत तो पाक ढवळून दिला. पेज पोटात राहिली, मागून घेतलेली गोळीही राहिली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पाक चालू द्या, पण त्याच्या भरवशावर गोळ्या सोडू नका."

शेजारच्या राजाबाई वासावर आल्या. "भावजी, वर्ष झालं न्हाई अजून. गोडाची कढई चढवली व्हय?"

"पातेलं हाय, वहिनी."

"लई हुशार! देवालाबी तेच सांगा."

रविवारी उज्वलाची सासू, विजयमालाबाई, खांदेश्वरहून आल्या. त्यांनी पाकाच्या वाटीला हात लावला नाही.

"पाव्हणं, दुःखाच्या घरात माझ्या सुनेची ओटी भरायची नाही, गोड करायचं नाही, आणि बाळंतपण करणार? लग्न निघालं की वर्षश्राद्ध मुदतीआधीच उरकून घेतात, तसं घ्या. नाहीतर हिला आजच नेते."

उज्वला म्हणाली, "आई, तिकडं माझ्या पोटात काहीच राहत नव्हतं."

"आता राहील."

मला वर्ष असं उरकायला नको होतं. प्रेमलासाठी करण्यासारखं एवढंच उरलं होतं. वर्षभर गोड खायचं नाही म्हणून मी चहासुद्धा बिनसाखरेचा पीत होतो. वर्ष मधेच उरकायचं म्हणजे तिला घरातून हाकलल्यासारखं वाटलं. पण उज्वलाचे ओठ पांढरे पडले होते.

"गुरुजींना विचारतो," मी म्हणालो.

गुरुजींनी दिवस काढून दिला आणि वर्ष उरकलं. विजयमालाबाईंनी भाकरीवर तूप आणि पाक घालून ताट माझ्यापुढं ठेवलं. "खा आता. सुटलं दुःख."

घास गोड लागला. तेच मला सोसेना. त्या बघत होत्या, म्हणून गिळला. तेवढ्यात उज्वलानं पेज मागितली. मी ताट बाजूला सरकवलं आणि स्टोव्ह पेटवायला उठलो.