किरायापत्राचे मधले पान

मी एक जुने किरायापत्र आहे. सरकारी भाषेत मला भाडेकरारनामा म्हणतात, पण घाटंजीत त्या नावाने मला कोणी हाक मारल्याचे आठवत नाही. मित्रांनो, तुमच्यापैकी कोणाच्या ना कोणाच्या घरी माझा एखादा भाऊबंद असेलच. गादीखाली असेल, नाहीतर रेशनकार्डाच्या पिशवीत. त्याला कोणी उघडून पाहत नाही. आम्ही दिसायला रुक्ष आहोत, हे मला मान्य आहे. पण रुक्षांनाही कधीतरी बोलावेसे वाटते, आणि आज मी बोलणार आहे. मध्ये कोणी उठून जाऊ नये.

माझा जन्म दोन हजार तेवीसच्या ऑगस्टात झाला, कचेरीच्या रस्त्यावरच्या एका टिनाच्या टपरीत. तिथे डोमाजी दस्तलेखक बसतात. माझी पाने तीन. पहिले शंभराच्या मुद्रांकाचे, सरकारी छापाचे, म्हणून ते जरा तोऱ्यात असते. पुढची दोन हिरवट लेजर कागदाची. तिन्ही पाने एका टॅगमध्ये ओवलेली.

मला तयार करायला दोन माणसे आली होती. एक रामराव. त्यांची घाटंजीजवळ कपाशीची आणि तुरीची शेती आहे आणि बाजाराच्या रस्त्यावर घर आहे. घराच्या पुढच्या अंगाला एक गाळा आहे, तो किरायाने द्यायचा होता. दुसरी नलूबाई भगत. वीस-बावीस वर्षे दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचला, आणि आता बचत गटाच्या मदतीने तिने मिरची कांडप यंत्र घेतले होते. अशा यंत्राला थ्री फेज वीज लागते. ती असलेला रिकामा गाळा त्या रस्त्यावर तेवढा एकच होता.

डोमाजी माणूस वाईट नाही, घाईचा आहे. त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये किरायापत्राची एकच फाईल आहे. जुनी नावे पुसायची, नवी घालायची, छापायचे. लोक येतात, शेवटच्या पानावर सही करतात, निघून जातात. नलूबाई मात्र खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली की एक एक अट वाचून दाखवा. मागे लाइन लागली होती. डोमाजी कपाळाला आठ्या घालून वाचू लागले. मुदत अकरा महिने. किराया दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत. विजेचे बिल किरायादाराचे. पोटभाडेकरू ठेवू नये. मालकाला विचारल्याशिवाय भिंत फोडू नये. आणि मग सहावी अट आली, की खोलीत बकरी बांधू नये.

"मिरचीच्या गाळ्यात बकरी कायले बांधीन मी?" नलूबाईने विचारले.

लाइनीतले लोक हसले. ती अट माझ्या आधीच्या कोणाची तरी होती, पुसायची राहून गेली होती. मला तर अगदी मेल्याहून मेल्यासारखे झाले. डोमाजींनी बकरी काढली. तिच्या जागी काय लिहायचे, असे त्यांनी सहज विचारले, आणि नलूबाईने लिहायला सांगितले ते माझ्या साऱ्या आयुष्याचे मोल ठरले. मुदत संपण्याआधी मालकाला गाळा हवा असेल तर त्याने दोन महिने आधी लेखी कळवावे. मिरचीचे दिवस माघापासून चैत्रापर्यंतचे, त्या दिवसांत वर्षाची कमाई होते, तेव्हा कोणी ऊठ म्हटले तर वर्ष गेले, असे तिने समजावून सांगितले. रामरावांनी मान डोलावली. तो अडीच ओळींचा मजकूर माझ्या मधल्या पानावर आला. मित्रांनो, माझे मधले पान म्हणजे माझे हृदय होते.

सहीची वेळ आली तेव्हा डोमाजींनी शाईचा पॅड पुढे केला. लवकर होईल, म्हणाले. नलूबाई दुसरीतून शाळा सोडलेली. चाळिशीनंतर बचत गटाच्या विमलताईंनी तिला अक्षरे गिरवायला लावली होती.

"अंगठा कायले? मले सही येते," ती म्हणाली. "अन् तिन्ही पानांवर करीन. बँकवाल्यानं घेतल्या होत्या पानोपानी."

तिने पेन खुरप्यासारखे मुठीत धरले आणि लिहू लागली. काय तो हात! वर्षानुवर्षे विळा-खुरपे धरलेला. पेनाचे टोक कागदात रुतत होते, आणि एका पानावरची सही खालच्या पानाला ठणकावून कळत होती. पहिल्या पानावर तिने खाली सही केली. मधले पान मजकुराने शेवटपर्यंत भरले होते, म्हणून तिथे डावीकडच्या समासात केली. तिसऱ्यावर नावासमोर. रामरावांनी फक्त शेवटच्या पानावर एक झोकदार सही ठोकली आणि साक्षीदारांनी आपल्या सह्या केल्या. मी पुरे झाले. मला फार अभिमान वाटला, उगाच नाही म्हणत.

पण त्या दिवशी एक चूक राहिली. तिसरे पान प्रिंटरमधून निघाले आणि लाईट गेली. झेरॉक्सवाला हातावर हात ठेवून बसला. उद्या येऊन झेरॉक्स काढून घ्या, असे डोमाजींनी सांगितले. आमच्याकडे मूळ प्रत मालकाकडे जाते अशी रीत आहे, त्यामुळे मी रामरावांच्या खिशातून घरी गेले. नलूबाईच्या मागे यंत्र बसवायची धावपळ लागली. तो उद्या काही उगवला नाही. माझी नोंदणीही कुठे झाली नाही. हे माझे व्यंग, आणि मी ते लपवत नाही.

मग मी रामरावांच्या लोखंडी कपाटात सातबाऱ्याच्या उताऱ्यांखाली पडून राहिले. मला कोणी विचारत नव्हते. पण कपाटाच्या मागच्या भिंतीपलीकडेच गाळा होता. पौष संपता संपता यंत्राचा धपधप आवाज सुरू झाला. मिरचीचा खाट कपाटाच्या फटीतून आत यायचा. घरातले सारे शिंकायचे, पण रामराव कुरकुरत नव्हते. बायका नाव लिहिलेल्या पिशव्या घेऊन सकाळपासून रांगेत बसत. नलूबाई तिखट चिमटीत घेऊन चोळून पाहायची, जाडसर लागले की पुन्हा यंत्रात टाकायची. बाहेर तिची स्तुती चालायची आणि मी आत पडल्या पडल्या ऐकायचे. या साऱ्याला मी आधार आहे, असे मला वाटायचे. तसे वाटण्यात काही चूक होती का?

फेब्रुवारीत रामरावांचा पुतण्या अक्षय यवतमाळहून परत आला. त्याला मोबाईलचे दुकान काढायचे होते आणि ते पाडव्याला काढायचे होते. त्याची नजर गाळ्यावर गेली. रामरावांनी त्याला सांगितले की जुलै अखेरपर्यंत कागद झालेला आहे, थांब. अक्षयला थांबायचे नव्हते. एका दुपारी रामराव राळेगावला गेलेले असताना त्याने कपाट उघडले, मला बाहेर काढले, टॅग सोडवला आणि माझे मधले पान काढून घेतले. तासाभरात बाजारातून दुसरे पान छापून आणून त्या जागी ओवले. कागद तसाच हिरवट, अक्षरेही तशीच. सगळ्या अटी जशाच्या तशा, फक्त सहावी वेगळी. मालकाने सांगितल्यापासून आठ दिवसांत किरायादाराने गाळा रिकामा करावा. नव्या पानाच्या तळाशी त्याने जागा सोडली होती. तिथे त्याने स्वतःच्या हाताने 'नलू भगत' लिहिले.

मित्रांनो, मला फार वाईट वाटले, आणि त्याहून जास्त राग आला. माझ्याच अंगात एक परके पान बसले होते आणि माझ्या तोंडून खोटे बोलत होते. ओरडायला मला तोंड कुठे आहे?

संध्याकाळी अक्षयने ती अट काकांना दाखवली. रामरावांनी मला कधी स्वतः वाचलेच नव्हते, आणि टपरीत ऐकलेले सहा महिन्यांत ते विसरून गेले होते. शेवटी आपली सही आहे, म्हणजे आपण हे कबूल केलेच असेल, असे त्यांना वाटले. असे वाटणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांनी नलूबाईला आठ दिवसांचा निरोप धाडला.

गाळ्यात तेव्हा पिशव्यांची चळत लागली होती. यंत्र सिमेंटच्या ओट्यात घट्ट बसवलेले. ते उखडले तर लावायला दुसरी जागा नव्हती, आणि हंगाम तर ऐन भरात होता. दुसऱ्या दिवशी सकाळी नलूबाई विमलताईंना सोबत घेऊन रामरावांच्या ओसरीवर आली. रडत आली नव्हती. तिखटाने माखलेला पदर तिने कमरेला खोचला होता, आणि तिला फक्त कागद पाहायचा होता.

अक्षयने मला हातात धरून सहावी अट मोठ्याने वाचली. नलूबाईने हात पुढे केला. अक्षय म्हणाला की मावशी, ऐकले ना, झाले. तेव्हा रामरावांनीच त्याला सांगितले की कागद तिच्या हाती दे.

तिने मला मांडीवर घेतले. बोट ठेवत ठेवत मधले पान वाचायला तिला बराच वेळ लागला.

"हे सही माही नाही," ती म्हणाली.

अक्षय हसला. शिकलेल्या माणसाची सही एक असते, इतरांची रोज बदलते, असे काहीसे तो म्हणाला. विमलताईंना राग आला, पण नलूबाईने त्यांना हातानेच थांबवले. तिचे दुसरे बोट माझ्या तिसऱ्या पानाच्या डाव्या समासावर थांबले होते. तिथे शाईचा एक ठिपकाही नाही. तिखटाचा कण जाड की बारीक हे ओळखणारे ते बोट. ते एकदा वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले.

"रामरावजी, इथं बोट फिरवून पाहा," ती म्हणाली.

रामरावांनी बोट फिरवले. काहीतरी खडबडीत आहे, म्हणाले. विमलताईंकडे गटाच्या वहीत अडकवलेली शिसपेन्सिल होती. नाण्यावर कागद ठेवून तुम्ही पेन्सिल घासता ना, तशी त्यांनी ती समासावर आडवी धरून हलक्या हाताने घासली. करड्या रंगात फिकट अक्षरे वर आली. आधी 'न', मग 'लू', मग सुटी सुटी 'भ', 'ग', 'त'. माझ्या गेलेल्या पानावर तिने समासात दाबून केलेली सही माझ्या तिसऱ्या पानाने तशीच धरून ठेवली होती.

नलूबाईने मधले पान उलटून मालकापुढे धरले. त्याचा डावा समास कोरा होता, आणि पाठ गुळगुळीत.

"मी समासात सही केलती. इथं नाही," ती म्हणाली. "मंग माह्यं पान कुठं गेलं?"

रामरावांनी दोन्ही समासांवर स्वतः बोट फिरवून पाहिले. मग अक्षयकडे पाहिले. अक्षय खाली पाहत होता. त्यांनी विचारले तेव्हा पान जाळले, एवढेच तो म्हणाला. मला ते ऐकवले नाही.

मला वाटले होते की आता भांडण होईल. झाले नाही. रामरावांचा चेहरा उतरला होता. चूक पुतण्याची होती, पण न वाचता विश्वास ठेवण्याची चूक त्यांची स्वतःची होती, हे त्यांना कळले होते असे मला वाटते.

"यंत्र हालवू नको, नलूबाई," ते म्हणाले. "अन् चाल, आताच डोमाजीकडे जाऊ. नवीन कागद करू."

नलूबाई उठली, पण ओसरीच्या पायरीवर थांबली. "दोन करा," ती म्हणाली. "एक तुमच्यापाशी, एक माह्यापाशी. अन् तुम्हीबी पानोपानी सही करान."

त्या दुपारी डोमाजींच्या टपरीत किती वेळ गेला म्हणून सांगू! यावेळी डोमाजींनी नाही, नलूबाईने वाचले. प्रत्येक शब्दाखाली बोट, अडले की मागे जाऊन पुन्हा. रामराव शेजारी उभे राहून प्रत्येक पानावर सही करत होते, एका कागदाच्या तीन आणि दुसऱ्याच्या तीन. मागची लाइन रस्त्यापर्यंत गेली. घड्याळ पाहून कोणीतरी पुटपुटलेही. पण लाइनीत दुसऱ्या नंबरावर एक म्हातारे गृहस्थ होते, खोली किरायाने घ्यायला आलेले. त्यांनी शेवटच्या पानावर सही करायला पेन उघडले होते. ते त्यांनी बंद केले, आपला कागद डोमाजींपुढे सरकवला आणि म्हणाले, "माहाबी पहिल्यापासून वाचा."

डोमाजींनी चष्मा पुसला आणि वाचायला घेतले.

आता मी रद्द झाले आहे. माझ्यावर लाल शाईने तिरपी रेघ ओढली आहे, आणि मी विमलताईंच्या वहीत राहते. मधले पान मला परत मिळणार नाही, आणि त्याची आठवण मला रोज येते. पण मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल. शिकायला, नोकरीला परगावी जाल, किरायाने खोली घ्याल, आणि कोणीतरी तुमच्यापुढे असाच एक कागद सरकवून म्हणेल की इथे सही करा, बाकी सगळे नेहमीचेच आहे. तेव्हा खुर्ची ओढून बसा. पहिल्यापासून वाचा. पानोपानी सही करा, दाबून करा, आणि आपली प्रत घेतल्याशिवाय उठू नका. मागच्या लोकांना उशीर झाला तर होऊ द्या.